अळंब्यांचं बारसं

मंगळवार, ६ जून

जगात अन्याय पुष्कळ आहेत, परंतु आज सकाळी माझ्यावर जो झाला त्याची दाद कुठल्याही न्यायासनापुढे लागणार नाही, म्हणून तो या वहीत नोंदवून ठेवतो. आंतरजालावरच्या आमच्या लिथुआनियन ज्ञानकोशात अळंबीच्या प्रत्येक पानावर उजव्या हाताला एक चौकट असते. तीत सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड. या चौकटीचा माथा गेली चौदा वर्षं फिकट निळा होता. तो निळा मी निवडला होता, सतरा निळे नाकारून. आज उठून पाहतो तर तो गुलाबी. उन्हाळ्यात आम्ही बीटाचं गार सार पितो, हुबेहूब तसा गुलाबी.

करणाऱ्याने स्वतःचं नाव 'तराजू' असं घेतलं आहे. बदलाचं कारण दिलं आहे : "निळ्यावर अक्षरं दिसत नाहीत. काही लोक म्हातारे असतात."

मी निळा परत आणला. कारण दिलं : "काही लोक चष्मा लावतात."

माझी बायको लाइमुते म्हणाली, हे तुझं चौपन्नावं वर्ष आहे, चौथं नव्हे. ती दंतवैद्य आहे. नेमकं दुखतं तिथे बोट ठेवायची तिला सवय आहे.

गुरुवार, ८ जून

रंग ही नुसती नांदी होती. आज तराजूने नावांनाच हात घातला.

ज्या अळंब्यांच्या छत्रीखाली पापुद्र्यांऐवजी काटे असतात त्यांच्या कुलाला मी 'कंटकछत्र' असं नाव दिलं... म्हणजे नोंदवलं आहे. त्यावर त्याने 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी डकवली आणि शेजारी दोनच शब्द लिहिले : "कोण म्हणतं?" दुपारपर्यंत तशाच चिठ्ठ्या आणखी एक्केचाळीस नावांना.

पुढेमागे ही वही कुणी वाचलीच तर त्याच्यासाठी सांगतो. २००९च्या हिवाळ्यात मी बर्फावर घसरून गुडघा मोडून घेतला आणि अडीच महिने खुर्चीत अडकलो. ज्ञानकोशात तेव्हा अळंब्यांच्या चौकटी लॅटिन नावांनी भरलेल्या होत्या, आपल्या भाषेचा रकाना रिकामा. शेजारी राहणारे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक गेद्विलास नुकतेच वारले होते. त्यांच्या पत्नीने त्यांची हस्तलिखित यादी मला दिली. तिच्यावरून मी चारशे बारा प्रजाती-कुलांची नावं भरली. यादीत नसलेली एखाददुसरी असेल, ती मी बसवली. विद्यापीठात चार वर्षं संस्कृत घासलेल्या माणसाला समास कसा बांधतात हे कुणी शिकवायला नको.

हा तराजू रोज पहाटे पाचला लिहितो. मी अनुमान केलं : काउनासचा कुणी संशोधक विद्यार्थी, दाढी वाढलेला, प्रबंध रखडलेला, म्हणून दुसऱ्यांच्या कामावर राग काढणारा.

"पहाटे पाचला उठणारा विद्यार्थी मी तरी पाहिलेला नाही," लाइमुते म्हणाली.

गुरुवार, १५ जून

आता प्रकरण गंभीर झालं. स्किरमांते नावाच्या संपादिकेचं पत्र आलं. त्यांचं प्रकाशन शाळांसाठी अळंब्यांचं सचित्र पुस्तक काढतं आहे, देशातल्या प्रत्येक शाळेत एक प्रत. नावं त्या ज्ञानकोशातूनच घेणार, कारण चारशे नावं दुसरीकडे एका जागी नाहीतच. मात्र ज्या नावावर वादाची चिठ्ठी असेल तिथे नुसतं लॅटिन छापलं जाईल. पुस्तक सहा ऑक्टोबरला छपाईला जाणार.

म्हणजे पोरं माझ्या नावांनी अळंब्या ओळखणार, किंवा एका दाढीवाल्यापायी लॅटिनने. हे मी होऊ देणार नाही.

कंटकछत्राला मी संदर्भ जोडला : २०१४ साली छापलेली शाळकरी पुस्तिका, पान एकतीस. छापील प्रमाण. आता बोल.

शनिवार, २४ जून

काल योहानाची रात्र, म्हणजे आमचा ऐन उन्हाळ्यातला सण. मेहुण्याच्या शेतावर शेकोटी, चीज, बिअर, डोक्यावर ओकच्या पानांचे मुकुट. सगळे गात होते. मी मनात तराजूला देण्याची उत्तरं रचत होतो. एक इतकं सुरेख सुचलं की मोठ्याने म्हणालो. मेहुण्याला वाटलं, त्यालाच म्हणालो. आता तोही बोलत नाही.

सोमवार, ३ जुलै

त्याने ती पुस्तिका मिळवली. शेवटच्या पानावर बारीक टाइपात लेखिकेने आधार दिले आहेत, त्यात आमचा ज्ञानकोश आहे. तराजूने चर्चापानावर लिहिलं : "कंटकछत्र कोण म्हणतं? पुस्तिका म्हणते. पुस्तिकेला कुणी सांगितलं? तुम्ही. साहेब, तुम्ही आरशाला साक्षीला बोलावलंत."

वाक्य बरं आहे हे शत्रूचं असूनही कबूल करावं लागेल. पण नियम माझ्या बाजूने आहे. छापील पुस्तक हे प्रमाण. ते कुठून उतरवलं हे विचारायची आमच्याकडे रीत नाही. मी तसं लिहिलं. खाली झालेली बोलाचाली उतरवून ठेवतो, कारण पुढे पुरावा म्हणून लागेल.

तो : "आमच्याकडे या अळंबीला हरणपाठ म्हणतात. बावीस माणसांनी मला सांगितलंय."

मी : "ही बावीस माणसं छापलेली आहेत का?"

तो : "नाही. अकरा जिवंत आहेत, अकरा मेली. छापलेलं कुणी नाही."

मी : "मग ती प्रमाण नाहीत. कानाने ऐकलेलं इथे चालत नाही."

तो : "आणि कानाने न ऐकलेलं चालतं."

यावर मी नियमाचा क्रमांक दिला. क्रमांकापुढे कुणाचं चालत नाही.

मंगळवार, ११ जुलै

आज त्याने मर्यादा सोडली, बरं केलं. लिहितो : "तुमची टोपली रिकामी आहे. तुम्ही जंगलात गेला असालच, तर रस्ता विचारायला गेला असाल. हरणपाठ कोवळी असताना खातात, म्हातारी झाली की कडू होते, हे आमच्या शेंबड्या पोरांना माहीत. तुमच्या कंटकछत्राला चव तरी आहे का?"

यात वैयक्तिक शेरे तीन, रिकामी टोपली धरून. तीन शेऱ्यांवर तक्रार करता येते. मी सदस्य-वर्तनाच्या पानावर रीतसर तक्रार गुदरली. सात दिवस बाजू मांडायला, मग प्रचालकांचं, म्हणजे ज्ञानकोशाच्या कारभाऱ्यांचं, मत. प्रचालक तीन, दोघांची लग्नं मी पाहिली आहेत.

लाइमुतेला वाचून दाखवलं. तिने विचारलं, चव आहे का पण? मी म्हणालो, हा मुद्दाच नाही. ती म्हणाली, खाल्लं आहेस कधी? मी म्हणालो, मला काम आहे.

रविवार, ३० जुलै

तराजूकडून उत्तर नाही. अकरा जुलैनंतर एकही अक्षर नाही. बाजू मांडायची मुदत आठवडाभर वाढवून दिली, तरी नाही. पाऊस झाला, जंगलात पिवळ्या अळंब्या निघाल्या, अख्खा देश टोपल्या घेऊन धावतो आहे आणि हा बिळात. भित्रा. खोडसाळ माणसं अशीच असतात. हिशेब मागायची वेळ आली की गायब.

बुधवार, ९ ऑगस्ट

तीन विरुद्ध शून्य. तराजूला तीन महिने लेखनबंदी. बेचाळीसही चिठ्ठ्या मी स्वतः काढल्या, एकेक करून, जसे सोसून सोसून काटे काढतात. चौकटीच्या माथ्याकडे तो मधल्या काळात पुन्हा गुलाबी घेऊन आला होता, तोही पुसला. स्किरमांतेंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की फार आनंद झाला, अशी जिवंत नावं मुलांना भावतील.

जिवंत. हा शब्द मी दोनदा वाचला.

रविवार, २० ऑगस्ट

आज चार वेळा ज्ञानकोश उघडून पाहिला. कुणी काही खोडलेलं नाही. पहाटे पाचचा रकाना कोरा. शांतता आहे, छान वाटतं आहे. जुलैतली सगळी बोलाचाली पुन्हा वाचली, केवळ नोंद म्हणून.

शनिवार, २३ सप्टेंबर

आजचं नीट लिहायला हवं, म्हणून लवकर घरी आलो.

वारेनाच्या अळंबी-मेळ्याला गेलो होतो. लाइमुतेला वाळवलेल्या अळंब्यांच्या माळा हव्या होत्या. आगगाडीत सगळ्यांच्या मांडीवर टोपल्या, आमच्या मांडीवर तिची पर्स. मेळ्यात एका तरुणीच्या टेबलावर बरण्या मांडल्या होत्या. एका बरणीवर सुंदर अक्षरांत लिहिलं होतं : कंटकछत्र, व्हिनेगरमध्ये.

आयुष्यात पहिल्यांदा मी माझं नाव बाजारात पाहिलं. माझं म्हणजे मी दिलेलं. लाइमुतेला कोपराने ढोसलं. तरुणीला विचारलं, हे काय म्हणालात? ती सहज म्हणाली, "कंटकछत्र. घरी सगळे असंच म्हणतो." तिने ते नाव शेकडो वेळा उच्चारलेलं असावं, जिभेवर गुळगुळीत झालेलं.

शेजारच्या टेबलामागे सत्तरीची एक बाई बसली होती. पायांत रबरी बूट, समोर काटा, वजनाचा. ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "ज्याने हे बारसं केलं त्याला सोलून वाळत घालायला हवा."

माझा चेहरा पडला असावा. लाइमुते नको तेव्हा हसते. म्हणाली, "मग घाला. हाच तो."

त्या बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बुटांपाशी थांबली. शहरी बूट. मग म्हणाली, "नियम क्रमांक सांगणारे तुम्हीच का?"

तराजू तो नव्हे, ती. मार्त्सेले आवेर्किएने. गावातल्या अळंबी-खरेदीच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसते आहे. हंगामात लोक जंगलातून टोपल्या आणतात, ती निवडते, तोलते, पावती देते. जुलैच्या मध्यापासून थंडी पडेपर्यंत तिला मान वर करायला फुरसत नसते. तक्रार, मुदत, मतदान, हे सगळं तिला काल-परवा ज्ञानकोश उघडल्यावर कळलं. मी म्हणालो, तुम्ही एक ओळ लिहिली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "खिडकीपुढे चाळीस माणसं रांगेत. त्यांना काय सांगू, थांबा, शहरातला एक माणूस माझ्यावर रुसलाय?"

टेबलाखालून तिने बुटांचं एक खोकं काढलं. अशी सात आहेत म्हणे घरी. आत पावत्या, कोऱ्या बाजूने लिहिलेल्या. प्रत्येकीवर एक नाव, ते कोण म्हणालं, कुठल्या गावचं, कुठलं वर्ष, आणि तेव्हा टोपलीत नेमकं काय होतं. एका पावतीवर एकच तोंड. दोघांनी तेच नाव सांगितलं तर पावत्या दोन. मला कुणी विचारलं तर मी सांगेन, शब्दप्रमाणाची याहून कडक व्याख्या मला चार वर्षांत कुणी शिकवली नाही. पण ते मी तिथे म्हणालो नाही. तिथे मी म्हणालो की अप्रकाशित टिपणं ज्ञानकोशात ग्राह्य नसतात.

"ठाऊक आहे. तुम्हीच सांगितलंत. क्रमांकासकट."

मग तिने खोक्याच्या तोंडाशीच असलेली एक पावती काढून माझ्यापुढे धरली. ताजी, याच महिन्याची. कंटकछत्र. सांगणारी : शेजारच्या टेबलावरची ती तरुणी. टोपलीत : हरणपाठ, दोन किलो.

"माणूस बोलला की मी लिहिते," ती म्हणाली. "आवडलं तर लिहायचं, नावडलं तर नाही, असं मी कधी केलं नाही. ही पहिली पावती, जी लिहिताना हात थांबला. तुमचं सोंग मला माझ्या हाताने खोक्यात ठेवायला लागलं. यापुढे कुणी खोकं उघडेल त्याला दोन्ही सारखीच दिसणार."

मी म्हणालो, नावं माझी नाहीत, प्राध्यापक गेद्विलासांच्या यादीतली आहेत. ती म्हणाली, "चारशे बारा? मग यादी आणा."

"आणतो."

"आणा."

लाइमुतेने तिच्याकडून माळा घेतल्या. वजन करताना बाईने काट्यावर एक दाणाही जास्त पडू दिला नाही.

रविवार, २४ सप्टेंबर

माळ्यावरून यादी काढली. प्राध्यापकांचं अक्षर मुंगीएवढं. मी सकाळपासून तीन वेळा मोजलं.

एकशे त्रेसष्ट.

कंटकछत्र त्यात नाही.

बुधवार, २७ सप्टेंबर

एखाददुसरी म्हणता म्हणता दोनशे एकोणपन्नास. मी खोटं बोलत नव्हतो; माझा तसा समज होता. चौदा वर्षं एखादी गोष्ट सांगत राहिलं की ती घरातली होते.

स्किरमांतेंना लिहिलं. उत्तर कोरडं होतं : चित्रं तयार आहेत, पानं लागली आहेत. फार तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत, म्हणजे पाच तारखेला, रचलेल्या नावांची निश्चित यादी द्या. तेवढी काढून लॅटिन घालू. "बहुधा" नको, निश्चित हवं.

लेखनबंदी उठवायला प्रचालकांना लिहिलं. नियमाप्रमाणे अर्ज बंदी असलेल्याने करायचा असतो. खरेदीच्या खिडकीवर फोन लावून बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी अर्ज करत नाही. तुम्ही घातलीय, तुम्ही बघा." मग विचारलं, खोक्यांतल्या पावत्यांशी माझी नावं ताडून द्याल का, गुरुवारच्या आत. मागे काट्यावर टोपल्या आपटल्याचा आवाज येत होता.

"पहाटे पाचला करा फोन," त्या म्हणाल्या. "सहाला लोक येतात. आणि गोड बोलू नका, वेळ जातो."

मंगळवार, ३ ऑक्टोबर

सहा दिवस पहाटे पाचला उठतो आहे. मी नाव वाचतो, त्या खोकं चाळतात, "आहे" किंवा "नाही" म्हणतात. मध्ये अपमान करतात. काल म्हणाल्या, तुमची नावं ऐकून वाटतं अळंबीला पदवी दिलीय.

पण झालं आहे ते असं. काही नावं मी स्वतः रचल्याचं मला पक्कं आठवतं. कुठल्या खुर्चीत, पाय कुठे ठेवून, तेही. त्यांतली कितीतरी बाईंच्या पावत्यांवर निघाली. 'ओली पणती' मी वाचलं मात्र, त्या म्हणाल्या, "आहे. १९९७, झेर्विनोस गाव, मधमाश्या पाळणारा एक म्हातारा." मी म्हणालो, शक्य नाही, ते मी रचलं. त्या म्हणाल्या, "कुठेतरी ऐकलंत आणि विसरलात. रचायला तुम्हाला एवढं साधं जमत नाही."

हे स्तुती की शिवी, यावर सकाळभर विचार केला.

अशी अठ्ठावन्न. दोनशे एकोणपन्नासातून अठ्ठावन्न वजा केली. उरलेल्या एकशे एक्याण्णवांतली एकशे वीस माझीच. त्यांची रचना इतकी देखणी आहे की दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. कंटकछत्र त्यांच्या अग्रभागी. ती खोडून टाकली. उरली एकाहत्तर. ती ना यादीत, ना खोक्यांत, ना मला आठवत.

लाइमुतेने विचारलं, एकाहत्तर फार आहेत का? मी म्हणालो, तोंडातल्या दातांपेक्षा जास्त आहेत. ती म्हणाली, मग एकदा भूल देऊन सगळेच काढ.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

यादी पाठवली. एकशे वीस नव्हे, एकशे एक्याण्णव. जे सिद्ध होत नाही ते सगळं काढा असं लिहिलं. त्याबरोबर हेही लिहिलं की कंटकछत्राच्या जागी लॅटिन नको, हरणपाठ छापा, आणि आधार म्हणून मार्त्सेले आवेर्किएने यांचं नाव द्या, बावीस पावत्या, वर्षं आणि गावं सोबत जोडली आहेत. स्किरमांते तयार झाल्या. म्हणजे आता बाईंचं हरणपाठ छापील होणार, ज्ञानकोशालाही चालेल. बाईंना कळवलं. म्हणाल्या, "एक सुटलं. बाकीची खोकी?" आणि फोन ठेवला.

इथपर्यंतची मला काळजी नाही. हरलो, ठीक आहे. लोक एकशे वीस देखण्या नावांना मुकतील आणि सुखाने जगतील.

एक गोष्ट मात्र मी लाइमुतेलाही सांगितलेली नाही. एकाहत्तरांत एक नाव होतं, 'पावसाची मावशी'. पांढरी, झाडाच्या बुंध्याशी येणारी छोटी अळंबी. त्याच्यापुढे मी २००९ साली लिहून ठेवलं होतं, आईकडून ऐकलं. मंगळवारी ते वाचलं तेव्हा बाईंनी नेहमीसारखं विचारलं : कुठे, कुठल्या वर्षी, टोपलीत काय होतं. मी सांगू लागलो. आमच्या गावामागचं बर्चचं रान, मी सातेक वर्षांचा, आईच्या हातात वेताची टोपली, डोक्याला राखाडी रुमाल. बाईंनी ऐकून घेतलं. पहिल्यांदाच काही टोचून बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती काय म्हणाली, तिच्या शब्दांत सांगा." आणि मला सांगता येईना.

तेव्हापासून प्रयत्न करतो आहे. रुमाल दिसतो, टोपली दिसते, ती माझ्याकडे वळते, तिचे ओठ हलतात, आणि येतो तो आवाज माझा असतो. शब्दही माझे, नीट बांधलेले. आई चौथीपर्यंत शिकली होती, ती असं बोलत नसे. ती कशी बोलत असे, हे मी किती वेळा लोकांना सांगितलं आहे, लेखांत लिहिलं आहे, आणि दर वेळी थोडं सुधारून. तिला जाऊन सहा वर्षं झाली. मला भीती वाटते की तिचं म्हणून माझ्याकडे जे काही आहे, त्यातलं एकही वाक्य आता तिचं उरलेलं नसावं, आणि ते ताडून पाहायला माझ्याकडे एकही पावती नाही.